मिनिकॉय लक्षद्वीपच्या बाकी बेटांपेक्षा वेगळं का आहे आणि तिथले लोक पोट कसं भरतात?

मी बरीच वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये होतो आणि आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मिनिकॉयचा होता, त्याच्या आग्रहानं परमिट काढून एकदा आठवडाभर त्याच्या घरी राहून आलो, म्हणून लिहितोय.

वेगळं का, ते नकाशात लगेच दिसतं. मिनिकॉय एकदम खाली दक्षिणेला आहे, बाकीच्या बेटांपासून जवळपास 200 किलोमीटर, मधे नाइन डिग्री चॅनल नावाचा समुद्राचा पट्टा. मालदीव त्यापेक्षा जवळ पडतं. त्यामुळे बाकी बेटांवर मल्याळमची बोली चालते आणि इथे महल, जी मालदीवच्या दिवेही भाषेचीच एक बोली. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहितात. मला सगळ्यात भारी हे वाटलं की ही भाषा मल्याळमच्या नाही तर मराठीच्या कुळातली आहे, सारंगची पोरगी आकडे म्हणत होती तर एक आणि तीन मला न शिकवता कळले!

2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 10,447 होती, जवळपास सगळे मुस्लिम, आणि 11 गावं. प्रत्येक गावाचा एक प्रमुख, बोडुकाका, आणि बायकांची वेगळी प्रमुख. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला जातो. पुरुष पिढ्यान्पिढ्या खलाशी, वर्षातले कितीतरी महिने जहाजावर, मग घर, गाव, पैसा सगळं बायकाच बघतात आणि ते तिथे कुणाला नवलाचं वाटत नाही. माझी आई कोकणात हेच करायची पण तिला कुणी प्रमुख म्हणालं नाही, हे तिथे फार लागलं मनाला.

आता पोटाचं. खलाशांचा पगार, नारळ, थोड्या सरकारी नोकऱ्या, 1969 पासूनचा टुना कॅनिंगचा कारखाना, पण मुख्य म्हणजे टुना. आणि टुनासाठी जाळं टाकत नाहीत! पहाटे लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, बोटभर बारके मासे जिवंत पकडतात, बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवतात, बाहेर समुद्रात टुनाचा थवा दिसला की ते फेकतात आणि वरून पाणी उडवतात म्हणजे टुना खवळून वर येतो, मग एकेक जण काठी-दोरीनं एकेक मासा उचलून मागे बोटीत आपटतो. गळाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतो त्यामुळे मासा आपोआप सुटतो. नको असलेलं काही फारसं मरत नाही. मग कापून, उकडून, धुरावर आणि उन्हात वाळवून लाकडासारखं कडक मासमीन करतात, ते महिनोन्महिने टिकतं.

पण हे सगळं त्या बारक्या माशांवर अवलंबून, आणि ते मासे प्रवाळावर. 1998, 2010, 2016 मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं होतं. सारंगचा मेहुणा मासेमार आहे, तो म्हणाला टुना बाहेर भरपूर आहे हो, पण सकाळचा चारा, म्हणजे ते बारके मासे, मिळवायलाच कधीकधी दुपार होते.