गोळ्यांमुळे पाळी थांबली, छातीतून दूध आलं, तर गोळ्या बंद करायच्या का?

चोपड्याकडची एक माय आली होती उन्हाळ्यात, पोरीला बाहेर बाकावर बसवून एकटीच आत आली. पिशवीतून पोरीची कुर्ती काढली, छातीपाशी दोन डाग, वाळून कडक झालेले. "ताई, हाई दूध शे. मन्ही पोर कुवारी शे."

तीन महिने पाळी नव्हती. मायच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. पोरीला आवाज ऐकू यायचे, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी रिस्पेरिडोन चालू केलं, आवाज थांबले, पण हात थोडे कडक झाले आणि आता हे.

तिच्याकडे केळी, म्हणून मी ठिबकवरच आले. म्हटलं, डोपामीन हे पाणी समजा, मेंदूत त्याचे प्लॉट चार. एका प्लॉटात ओढ आणि आनंद, तिथं पाणी जास्त झालं की भास, संशय. दुसरा कपाळामागे, लक्ष आणि ठरवणं. तिसऱ्यावर हातापायाची हालचाल चालते, पार्किन्सन्समध्ये याचंच पाणी आटतं. गोळीला फक्त पहिल्याचा वॉल बंद करायचा असतो, पण ती रक्तातून जाते, बाकीचेही थोडेफार बंद होतात, म्हणून हात कडक. चौथा प्लॉट वेगळाच, तिथं डोपामीन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनला दाबून ठेवतं. दाब सुटला की बाळ नसतानाही दूध येतं. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ना, तसंच. हे ऐकून माय पहिल्यांदा नीट टेकून बसली.

मग म्हणाली, गोळ्या आजच फेकते. मी हात धरला अक्षरशः, कारण एकदम बंद केलं की आवाज परत येऊ शकतात, हे मी फार वेळा बघितलंय. डॉक्टरांना चिठ्ठी दिली. त्यांनी आधी लघवीतून गरोदरपणाची तपासणी केली, निगेटिव्ह, मग रक्तात प्रोलॅक्टिन, ते बरंच वाढलेलं. डोकेदुखी किंवा नजर अधू होत असेल तर प्रोलॅक्टिन सोडणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठही बघावी लागते, तसं काही नव्हतं. त्यांनी हळूहळू औषध बदललं, एरिपिप्राझोलवर आणलं, त्यानं प्रोलॅक्टिन सहसा वाढत नाही.

पोरीला आत बोलावलं तेव्हा कळलं, ती कुर्तीच्या आत ओढणी घट्ट आवळून बसायची, श्वास लागेपर्यंत. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिलाही सगळं परत सांगितलं.

दोन महिन्यांनी मायचा फोन, पाळी आली. मागून पोरीचा आवाज, "ताईले सांग, गोया चालूच शेतस."