ठरलेली किंमत आणि बँकेची किंमत

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं आहे, आकडे तेवढे वेगळे : "घर अमुक लाखांना ठरलं आणि बँकेनं तमुकच धरले." मी ठाण्यात गृहकर्जाचं काम करतो. आधी सोळा वर्षं बँकेच्या टेबलामागे होतो, आता लोकांना कर्ज मिळवून देणारा म्हणून टेबलासमोरच्या खुर्चीत. या व्हॅल्युएशनवर, म्हणजे बँक कर्जाआधी घराची जी किंमत काढून घेते तिच्यावर, दोन्हीकडून चरफडून झालंय. उत्तरांत थोडी चिडचिड दिसली तर ती तुमच्यावर नाही असं समजा. निदान सगळी नाही.

प्रश्न : कासारवडवलीला रिसेलचा टू बीएचके ९२ लाखांना ठरला. बँकेचा माणूस फोनवर "ऐंशी टक्के मिळतील" म्हणाला होता. आता व्हॅल्युएशन ८४ लाख आलंय. कर्ज किती मिळेल आणि आम्ही किती उभे करायचे?

ऐंशी टक्के खरे, पण कशाचे, ते त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन, यातला जो आकडा कमी त्यावर टक्के लागतात. रिझर्व्ह बँकेनं घातलेली मर्यादा अशी : कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० आणि त्यापुढे ७५. ही वरची हद्द आहे, तुमचा हक्क नव्हे.

८४ लाखांचे ८० टक्के म्हणजे ६७ लाख २० हजार. तुम्ही मनात ९२ चे ८० टक्के, म्हणजे ७३ लाख ६० हजार धरून बसला होतात. इथेच ६ लाख ४० हजारांचा खड्डा पडला. वर ठाण्यातलं ७ टक्के मुद्रांक शुल्क, ९२ लाखांवर ६ लाख ४४ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे खर्च घराच्या किमतीत मिसळून त्यावर कर्ज देता येत नाही. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा, आणि त्या किमतीत कासारवडवलीत काय मिळतं ते तुम्हीच सांगा. एकूण खिशातून ३१ लाख ५४ हजार, दलाली वेगळी. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ९२ हजार वाचतात. पण मग कर्ज कोणाच्या उत्पन्नावर आणि मालकी कोणाची, हे आधी वकिलाकडे बसून ठरवा.

प्रश्न : व्हॅल्युअर आमच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडूनच करून घेतलं तर चालेल का?

नाही. बँकेच्या पॅनलवरचाच, म्हणजे तिनं नेमलेल्यांच्या यादीतलाच लागतो, आणि त्यातला कोण येणार हे बँक ठरवते. ओळखीचा आहे हे सांगितलंत तर उलट त्याचं नाव बाजूला पडेल.

प्रश्न : आमच्या इमारतीचा रेडी रेकनरचा दर व्हॅल्युअरच्या दरापेक्षा जास्त आहे. सरकारी दर बँकेला मान्य नाही, असं कसं?

रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचा दर आहे. तो विभागवार असतो. तुमच्या इमारतीची लिफ्ट सहा महिने बंद आहे हे त्याला माहीत नसतं, व्हॅल्युअरला असतं. तो आसपासच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचे उतारे बघतो, इमारतीचं वय बघतो आणि आपला दर लावतो. मात्र करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आयकराचं लफडं घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या, दोघांच्याही मागे लागू शकतं. सही करण्याआधी सीएला विचारा, नंतर नव्हे.

प्रश्न : साठेखतात ७२० चौरस फूट आहे. व्हॅल्युअरनं ४६८ लिहिलं. मोजायला आलेला मुलगा पंधरा मिनिटं पण थांबला नाही. अडीचशे फूट गेले कुठे? (नेरूळ)

कुठेही गेले नाहीत, ते कधी घरात नव्हतेच. तुमच्या जुन्या करारातले ७२० सुपर बिल्टअप आहेत, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं आलं. व्हॅल्युअर कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा मोजतो. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत.

पंधरा मिनिटांबद्दल म्हणाल, तर तेवढी पुरतात. हातात लेसरची डबी, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका, की आकडा मोबाइलमध्ये. कपाट मध्ये आलं तर टेप. मी अशा भेटींना बरेचदा हजर राहिलोय, जाणता माणूस हॉलमध्ये शिरला की आधी मान वर करतो. तुम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली, फरशी एकसारखी केली, पीओपी केलं, तरी मधली तुळई जाते कुठे? जिथे तुळई खाली उतरलेली दिसते तिथे पूर्वी भिंत होती. मग तो खिडकीतून खाली-वर बघतो, शेजाऱ्याची बाल्कनी अजून उघडी असली तर तुमचं उत्तर त्याला मिळालेलंच असतं. पुढे मंजूर नकाशाशी ताळा. बंद केलेली बाल्कनी हिशेबात येत नाही, वर "मंजूर नकाशाशी विसंगत" असा शेरा पडतो. विकणाऱ्यानं तुमच्याकडून मात्र तिचे पैसे घेतलेले असतात.

शिवाय नेरूळ म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचा भाग. सिडकोची जमीन भाडेपट्ट्यानं दिलेली असते, मूळ करार साधारण ६० वर्षांचा. पट्ट्याची किती वर्षं उरली आणि हस्तांतराला सिडकोची परवानगी आहे का, ही कागदपत्रंही वकिलाला दाखवा.

प्रश्न : मुलीनं न्यू जर्सीत घर घेतलं. तिला मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत न मागता मिळाली. इथे फी आम्ही भरायची आणि अहवाल बघायचा पण नाही?

तिथे २०१४ पासून तसा नियम आहे, व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी प्रत कर्जदाराला द्यावी लागते. इथल्या बँका अहवाल हा आपला अंतर्गत कागद मानतात. मला हे पटत नाही आणि मी ते दर बैठकीत बोलतो. ज्याची फी, त्याला निदान क्षेत्रफळ, लावलेला दर आणि शेरा या तीन गोष्टी तरी कळायला नकोत? लेखी मागणी करा. सगळा अहवाल नाही दिला तरी या तीन गोष्टी बरेच शाखाधिकारी सांगतात.

पण अमेरिकेतही आमच्या धंद्यातले लोक सुखात नाहीत. २००८ च्या पडझडीनंतर तिथे कर्ज मिळवून देणारा आणि मूल्यांकन करणारा यांच्यात भिंत बांधली. २००९ पासून बहुतेक कर्जांत मध्यस्थाला मूल्यांकनकार निवडता येत नाही, मधली कंपनी कोणालाही पाठवते. कुठून लांबून आलेल्या माणसाला इथली गल्ली काय कळणार, ही तिथल्यांची तक्रार. आपल्याकडेही काम ॲपवरून वाटलं जातं. मागच्या पावसाळ्यात नेरूळच्या एका केसला बदलापूरहून माणूस आला. पाम बीचकडचं नेरूळ आणि स्टेशनला लागून असलेलं नेरूळ यात काय फरक आहे, ते त्यानं मलाच विचारलं. मी सांगितलं नाही. सांगणं नियमात बसत नाही. रात्री झोप मात्र लागली नाही.

प्रश्न : एजंट म्हणतो, "करार ९० ऐवजी १ कोटी ५ लाखांचा दाखवू, विकणारा जादाचे पैसे परत देईल, व्हॅल्युअर मी सांभाळतो. एक टक्का द्या." बाकी सगळे असंच करतात असं कळलं. करावं का? (ऐरोली)

करू नका. आणि "बाकी सगळे" म्हणजे कोण, त्यांची नावं त्या एजंटला विचारा. एकही सांगणार नाही.

आता थोडं सविस्तर, कारण हा प्रश्न मला वर्षभर येतो आणि दरवेळी कोणीतरी टोकन, म्हणजे विसाराची रक्कम देऊन मग विचारतो.

खोटी किंमत दाखवून कर्ज घेणं ही बँकेची फसवणूक आहे, आणि अर्जावर सही तुमची असते, एजंटची नव्हे. जादाच्या १५ लाखांवर मुद्रांक शुल्क तुम्ही खरं भरता, विकणाऱ्याचा भांडवली नफा कागदावर खरा वाढतो. तो "परत" देणार ती रोकड कुठली दाखवणार? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याला मंजूर नाही. शिवाय व्हॅल्युअरसमोर त्याच इमारतीतले इंडेक्स टू असतात. चौथ्या मजल्याचं घर ८८ ला गेलं आणि तुमचं १०५ ला, का, हे त्याला लिहावं लागतं.

"सांभाळतो" या शब्दाबद्दल. मी बँकेत असताना आम्ही हे करायचो, लपवत नाही. तिमाहीचं टार्गेट, बिल्डर बाहेर बसलेला, मी व्हॅल्युअरला फोन करायचो, "साहेब, जरा बघा ना, तीन लाखांनी अडलंय." बरेच जण बघायचे. वाशीचे एक वयस्कर व्हॅल्युअर होते, ते "बघितलं" म्हणायचे आणि तोच आकडा पाठवायचे. आम्ही त्यांना काम देणं कमी केलं. अशाच एका "बघितलेल्या" केसमध्ये कर्जदाराची नोकरी गेली. सरफेसी, म्हणजे बँकेला थकलेल्या कर्जापोटी तारण विकू देणाऱ्या कायद्याखाली घराचा लिलाव झाला तेव्हा आलेल्या पैशात कर्ज फिटलं नाही. उरलेली रक्कम त्याच्याच डोक्यावर राहिली, घर नाही आणि हप्ता आहे. तो मला कोर्टनाक्याच्या बसस्टॉपवर भेटला होता. बोलला काही नाही, ओळख दाखवून बसमध्ये चढला.

म्हणून आज बँका व्हॅल्युअरचा नंबर आम्हाला देत नाहीत, त्याच्याशी बोलू देत नाहीत, तेव्हा मी चरफडतो पण तक्रार करत नाही. व्हॅल्युअर स्वतंत्र असावा, व्यवहारात त्याचा हितसंबंध नसावा, हे रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बजावलंय. पाळायला आम्ही उशीर केला. वाढवलेलं व्हॅल्युएशन बँकेला फसवतं असं लोकांना वाटतं. पहिला फसतो तो हप्ता भरणारा.

करायचं ते एवढंच : टोकन देण्याआधी बँकेत फाइल टाका, टेक्निकल आणि लीगल, म्हणजे घराची आणि कागदपत्रांची तपासणी होऊ द्या. विकणारा थांबायला तयार नसेल तर टोकन लहान द्या, चेकनं द्या, आणि "अमुक रकमेचं कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत" हे वाक्य पावतीवर लिहून त्याची सही घ्या. तोंडी नको. वाक्यरचना वकिलाकडून तपासून घ्या. विकणारा या वाक्याला नकार देत असेल तर तेही उत्तरच आहे.

प्रश्न : दोन व्हॅल्युएशन करणं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून दोनदा फी घेतली. खरं का?

रिझर्व्ह बँकेचा दोन अहवालांचा दंडक ५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला आहे. तुमचं घर त्यात बसत असेल तर अभिनंदन. नसेल तर तो बँकेचा स्वतःचा नियम आहे, आणि तो लावायला ती मोकळी आहे. पण आपला नियम दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. कर्जाबरोबर मिळणाऱ्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाच्या तक्त्यात, ही फी लिहिली आहे का ते बघा, नसेल तर शाखेत लेखी विचारा.

प्रश्न : दिव्याला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारतीत स्वस्तात घर मिळतंय. बँक नाही म्हणते, पण एक फायनान्स कंपनी जास्त व्याजानं द्यायला तयार आहे.

कंपनी जास्त व्याज का मागते, याचा विचार करा. शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. ओसी नाही म्हणजे इमारत पडेलच असं नाही. पण ती नकाशाप्रमाणे बांधली आहे असं सांगणारा कागदही नाही, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा बँक तुमच्या गिऱ्हाइकालाही हेच सांगेल. महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकाम परवानगी आहे की नाही तेवढं तरी बघून या. मग वकील.

प्रश्न : नौपाड्यातली आमची इमारत १९८४ ची. घेणाऱ्याला २० वर्षांचं कर्ज हवं होतं, व्हॅल्युअरनं "उर्वरित आयुष्य १५ वर्षे" लिहिलं. इमारत ठणठणीत आहे.

ठणठणीत आहे हे तुम्ही म्हणता. आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात, त्यातून वय वजा होतं, आणि कर्जाची मुदत उरलेल्या आयुष्यापेक्षा आत ठेवायची असा बहुतेक बँकांचा रिवाज. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. सोसायटीनं केलंय का? तो अहवाल चांगला असेल तर बँकेला द्या आणि फेरविचार मागा. गच्चीवर निळी ताडपत्री आणि जिन्याच्या कोपऱ्यात उघडी सळई असेल तर मागू नका.

प्रश्न : नवी मुंबईच्या विमानतळामुळे उलव्याचे दर वाढणारच आहेत. ते व्हॅल्युएशनमध्ये धरतात का?

नाही. विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडायला लागली, त्याचा जो परिणाम नोंदणी झालेल्या व्यवहारांत उतरलाय तेवढा धरतात. "वाढणारच" याचा इंडेक्स टू निघत नाही.

प्रश्न : कर्ज नामंजूर झालं तर व्हॅल्युएशनची फी परत मिळते का?

सहसा नाही. काम झालेलं असतं. पावती मात्र मागून घ्या.