हिमोफिलिया असलेल्या मुलाला हॉस्टेलवर ठेवावं का?

"इंजिनिअरिंगला घालू हो, पण हॉस्टेलवर याचं कसं होणार?" प्रवेशाचे दिवस आले की हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या मुलाची कुणी ना कुणी आई हा प्रश्न घेऊन येतेच. यंदाच्या आईशी बोलताना मला एक इंजिनिअर आठवत राहिले. ते आता नाहीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांना तीव्र हिमोफिलिया होता. रक्त गोठवणारं 'फॅक्टर आठ' नावाचं प्रथिन नेहमीच्या प्रमाणाच्या एक टक्क्याहूनही कमी. अशा माणसाला खरचटलं की रक्ताची धार लागते, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात रक्त जोरात वाहत नाही, थांबायला वेळ लागतो. आणि खरी हानी होते ती आत, गुडघ्या-घोट्या-कोपरांत. त्यांचा एक गुडघा लहानपणीच आखडला होता. तरी पुलांची डिझाइन्स केली, साइटवर हिंडले, संसार केला. फॅक्टरच्या इंजेक्शनांची पेटी कायम सोबत, दोन सहकाऱ्यांना सगळं ठाऊक. सांध्यात मुंग्या आल्यासारखं झालं की सूज यायची वाट न बघता स्वतःच शीर शोधून टोचून घ्यायचे. दुखणं चढलं की मात्र कुणाला जवळ फिरकू देत नसत. श्रद्धांजलीत हे कुणी बोललं नाही, म्हणून इथे सांगते.

मी आईला विचारलं, "इंजेक्शन कोण देतं?"

"मीच."

"इंजेक्शनांची नोंदवही?"

"तीही माझ्याकडेच."

अठरा वर्षांचा मुलगा शेजारी मोबाइल बघत बसला होता. टोचलेला फॅक्टर आठ साधारण ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून डोस आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावे लागतात. ते चुकवणारा मुलगा घरातही सुरक्षित नाही.

मग आईला रडू आलं. "माझ्याकडूनच आलंय ना हे?" दोषी जनुक बहुधा आईकडून येतं, खरं आहे, पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. आणि आलं तरी तो गुन्हा कसा? माझ्या मते हॉस्टेलच्या भीतीखाली हे ओझं होतं.

ठरलं ते असं: कॉलेज सुरू होईपर्यंत इंजेक्शन तो घेणार, आईने फक्त बघायचं. वॉर्डन आणि रूममेटला सांगायचं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग थेट हॉस्पिटल.

पुढच्या भेटीत आईची तक्रार होती, तो नोंदवही आता दाखवतच नाही. "डॉक्टरांना दाखवतो ना?" एवढंच मी विचारलं.