बाहेरून कुलूप लावू का?

"मॅडम, आईंना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं तर चालेल का?" स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणारे हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. पुण्यातल्या एका सूनबाईंना तर विचारतानाच रडू फुटलं. (त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सासूबाई ७८ वर्षांच्या, मूळच्या वाईच्या. अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्याच एका प्रकाराचं, निदान होऊन दोन वर्षं झालेली. रोज संध्याकाळी "मी घरी जाते" म्हणून निघायच्या. एकदा पाऊण तास शोधल्यावर बसस्टॉपवर सापडल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा कुलूप घेऊन आला.

माझं उत्तर ठरलेलं आहे. माणूस आत एकटा असेल तर बाहेरून कुलूप नको म्हणजे नको. गॅस चालू राहिला किंवा आग लागली तर त्यांना बाहेर पडता येत नाही आणि शेजाऱ्यांना आत जाता येत नाही. पण नुसतं "नको" सांगून घरच्यांचं काय भागणार? म्हणून एक दिवस साडेपाचला त्यांच्याकडेच जाऊन बसले.

खोलीत अंधारून आलं होतं, दिवा कुणी लावला नव्हता. आजी खुर्चीत चुळबुळ करत होत्या. मग उठल्या, पदर खोचला, दाराजवळच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढली आणि चपला शोधू लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, हेच आपलं घर. वाईचं कधीच विकलं." आजींचा चेहरा पडला. "विकलं? मला न विचारता?" आणि मग जी आदळआपट सुरू झाली! मुलगा खोटं बोलत नव्हता, पण ही बातमी तो आईला रोज नव्याने देत होता.

मी विचारलं, "घरी कोण वाट बघतंय?" त्या लगेच म्हणाल्या, "अहो, दिवेलागण झाली. देवापाशी दिवा नको लावायला?"

त्यांना जायचं होतं ते या दिव्यासाठी. संध्याकाळी गोंधळ आणि अस्वस्थता वाढणं या आजारात पुष्कळांना होतं, त्यात अंधार आणि सावल्यांची भर पडते. आम्ही पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावायचं ठरवलं. सहाला सूनबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या हातून निरांजन लावून घेतात, काडेपेटी मात्र स्वतःकडे ठेवतात. तरीही निघाल्याच, तर वाद न घालता सोबत जायचं, सोसायटीला एक फेरी मारून परत यायचं. चपला कपाटात गेल्या. पिशवी लपवू नका, असं मी मुद्दाम सांगितलं. ती घेतल्याशिवाय आजी निघत नाहीत, म्हणून तिच्या आत मुलाचा फोन नंबर लिहिलेली कापडाची पट्टी शिवली. दाराला घुंगरू बांधलं. बाथरूमची आतली कडी काढली. सिलिंडरचा रेग्युलेटर वापर झाला की बंद.

सगळ्यात जड गेलं ते वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगणं. "लोक वेडी म्हणतील," मुलगा म्हणाला. मला वाईट वाटलं, कारण या लपवाछपवीतच माणसं हरवतात. आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्याच सोसायटीत आणखी एखादं घर असंच गप्प बसलेलं असेल. शेवटी मुलाने सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात वॉचमनने आजींना गेटवर थांबवून, गप्पा मारत वर आणलं.

पावसाळ्यात मात्र आजी दोन दिवसांत एकदम बिघडल्या, सुनेलाही ओळखेनात. "आजार वाढला" असं घरच्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. निघालं लघवीचं इन्फेक्शन. औषधाने आठवड्याभरात बऱ्याच सावरल्या. असा अचानक बदल दिसला की थांबू नका.

दिवसा आता एक बाई सोबतीला असतात. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर विचारावं. आपल्या भागात काय मदत मिळते ते तिथे सांगतात.

रात्रीचं अजून जमलेलं नाही. आजी तीनला उठतात आणि सूनबाईंची झोप जाते. दिवाळीनंतर धाकट्या दिरांकडे दोन महिने ठेवायचं चाललंय. न्यायच्या सामानात मी पहिल्यांदा ती पिशवी आणि निरांजन लिहायला सांगितलंय.