बाचीत रेंज फुल दिसते, पण नेट चालत नाही. महाराष्ट्राचं सिम घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर बाचीला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेला लागून, सिम कर्नाटकातलं. रेंजच्या कांड्या भरलेल्या दिसतात, तरी नेट मधूनच पार बंद पडतं. रोजची 2 जीबी दुपारीच संपते. सीमेपलीकडच्या, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या दुकानदाराने महाराष्ट्राचं सिम घ्यायला सांगितलंय.

एवढ्यात घेऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि नवीन सिमने त्यातली एकही नीट सुटणार नाही.

पहिली अडचण सर्कलची, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागाची. मोबाईल कंपन्यांच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरं. तुमच्या घरात शिनोळीकडच्या टॉवरची लहर बाचीकडच्या टॉवरपेक्षा जोरात येत असेल, तर फोन पलीकडचा टॉवर धरतो. कंपनी तीच, नाव तेच, पण फोनसाठी ते रोमिंग, म्हणजे दुसऱ्या सर्कलचं नेटवर्क वापरणं. रोमिंगमध्ये कांड्या फुल दिसतात, फोनही लागतो, मात्र सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग' बंद असेल तर नेट मिळत नाही. कांड्यांच्या शेजारी बारीक इंग्रजी 'आर' दिसतो का ते नेट बंद पडेल तेव्हा बघा. दिसला तर कारण हेच.

मग सेटिंगमध्ये सिम किंवा मोबाईल नेटवर्क उघडा आणि डेटा रोमिंग चालू करा. या बटणाला लोक बिलाच्या भीतीने हात लावत नाहीत. ती भीती परदेशातल्या रोमिंगची आहे. देशातल्या रोमिंगला आजच्या अनलिमिटेड पॅकमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, तुमचीच रोजची 2 जीबी वापरली जाते. पॅक अगदी स्वस्तातला असेल तर तेवढं रिचार्ज करताना विचारून घ्या.

एवढं करूनही नेट तुटत असेल तर फोन दोन टॉवरांमध्ये इकडून तिकडे उड्या मारतोय. एकदा पलीकडचा टॉवर धरला की घरचं नेटवर्क तो लगेच शोधत नाही. सिममध्ये ठरवलेल्या मुदतीनेच शोधतो, आणि ती मुदत काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत असू शकते. घाई असेल तेव्हा एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा, फोन नव्याने शोध घेतो. कायमचा उपाय म्हणजे 'नेटवर्क ऑपरेटर'मधलं ऑटोमॅटिक बंद करून हाताने निवड करणे. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तिथे एकच नाव दोनदा दिसलं तर गोंधळू नका, काही फोनमध्ये नावाऐवजी आकडे येतात. एअरटेलचं कर्नाटक 404 45 आणि महाराष्ट्र-गोवा 404 90, बीएसएनएलचं कर्नाटक 404 71 आणि महाराष्ट्र-गोवा 404 66. एक निवडून बघा, 'आर' आला तर दुसरं निवडा.

इथे एक चूक हमखास होते. निवड हाताने केली आणि गोव्याला किंवा कोल्हापूरला निघालात, तर फोन दुसरं नेटवर्क शोधायचंच सोडू शकतो आणि 'नो सर्व्हिस' दाखवत बसतो. गाव सोडताना ऑटोमॅटिक परत चालू करा. आणि घरात कर्नाटकाचा टॉवर मुळातच कमजोर असेल, तर हाताने निवडूच नका, रोमिंग चालू ठेवणंच बरं. कमजोर की चांगला हे कांड्यांवरून ठरवू नका. 'अबाउट फोन'मध्ये सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नलचा आकडा मिळतो. उणे 90 च्या आसपास चांगला, उणे 110 च्या खाली गेला की फोन लटकतो आणि बॅटरीही लवकर उतरते, कारण टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. जाड भिंतीच्या जुन्या घरात दारातला आणि माजघरातला आकडा 15-20 ने सहज वेगळा येतो.

फाईव्ह-जीचा फोन असेल तर घरात तो फोर-जीवर ठेवून बघा. फाईव्ह-जीची मुख्य लहर 3300 मेगाहर्ट्झच्या वरची, ती भिंतीत अडकते. 700 ते 900 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि घरात शिरते. जांबोटी, कणकुंबीकडच्या डोंगरात हा फरक फार जाणवतो. तिकडे पावसात करंट गेला की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी संपली की तोही बंद. त्यावर सेटिंगमध्ये काही इलाज नाही. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहेत आणि आख्ख्या गल्लीची रेंज बिघडवतात. घरात फायबर असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा.

आता दुपारी संपणाऱ्या 2 जीबीचं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याआधी 1 जीबी महिनाभर पुरवून वापरायची रीत होती. आता घरातला प्रत्येक फोन दिवसभर व्हिडिओ ओढतो आणि आपण हात न लावताही ओढतो. यूट्यूब 480 वर तासाला साधारण अर्धा जीबी, 720 वर एकाहून जास्त. यूट्यूबमध्ये 'मोबाईल नेटवर्कवर' याखाली डेटा सेव्हर निवडा. व्हॉट्सॅपच्या 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. लग्नाच्या, भजनाच्या, गावच्या ग्रुपमधले व्हिडिओ इथूनच डेटा खातात. प्ले स्टोअरचे अपडेट आणि गुगल फोटोजचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. आधी 'डेटा युसेज' उघडून कोणतं ॲप वर आहे ते बघा, अंदाजाने बंद करत बसू नका.

कोटा संपल्यावर वेग बहुधा 64 केबीपीएसवर येतो. 200 केबीचा फोटो उतरायला 25 सेकंद लागतात आणि फोनपे, गुगल पे अर्ध्यात अडकू शकतं. असं झालं तर तेच पैसे लगेच परत पाठवू नका, आधी खात्याचा मेसेज बघा.

तरीही महाराष्ट्रात जायचं ठरलं तर नवा नंबर नको. 2015 च्या जुलैपासून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर तोच ठेवून पोर्ट करता येतो. कॅपिटलमध्ये पोर्ट लिहून, जागा सोडून नंबर टाकून 1900 ला मेसेज करा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, सिम नुकतंच बदललं असेल तर 7 दिवस थांबावं लागतं, आणि आलेला कोड 4 दिवसच चालतो. दुसऱ्या सर्कलला 5 कामाचे दिवस धरा. आधारवर पत्ता बेळगाव जिल्ह्याचा असल्याने चंदगडकडचा दुकानदार तिथला पत्ता आणि ओळखीचा नंबर मागेल. आणि बेळगावात गेलात की ते सिम रोमिंगवरच असणार, म्हणून डेटा रोमिंगचं बटण तेव्हाही चालूच ठेवावं लागेल.