लायपेज नाही तरी वेल चमकते, असं का?

प्रश्न : सर, पेशींमधलं फॉस्फॅटिडिक अॅसिड (पीए) हे लिपिड फ्लुरोसन्सच्या, म्हणजे चमक मोजणाऱ्या किटने मोजतेय. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड काढते, सुकवते, मग किटमधलं सगळं घालून प्लेट रीडरला लावते. पण ज्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) लायपेज हे लिपिड कापणारं एन्झाइम घातलंच नाही तिथेही जवळपास तेवढंच रीडिंग येतंय, तीनदा करून झालं. किटच खराब आलंय का?

उत्तर : किटला शिव्या नंतर घालू. मुळात ही टेस्ट पीएला थेट बघतच नाही. लायपेज पीएची दोन्ही फॅटी अॅसिडं कापून टाकतं, उरतं ग्लिसरॉल-३-फॉस्फेट, त्यावर ऑक्सिडेज हे दुसरं एन्झाइम बसलं की हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं आणि त्याच्या जोरावर पेरॉक्सिडेज हे तिसरं एन्झाइम बिनरंगी अॅम्प्लेक्स रेड या डायचं गुलाबी रेसोरुफिन करतं, जे ५९० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. आपण मोजतो ते रांगेतल्या शेवटच्याला, मधे कोण घुसलं ते मशीनला काय कळणार!

आणि घुसणारा बहुतेक ग्लिसरॉल-३-फॉस्फेटच असणार, कारण ते पेशीत सुटंही असतं. लिपिड काढताना दोन थर होतात; हे पाण्यात विरघळतं म्हणजे वरच्या पाण्याच्या थरात जायला हवं, पीए खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये. ब्लाय आणि डायर यांची १९५९ची ही पद्धत खरं तर माशांसाठी बसवलेली, पण आजही बरेच जण तीच वापरतात. घोळ होतो तो खालचा थर उचलताना. काचेचं पिपेट वरच्या थरातून खाली नेताना हलकेच बुडबुडे सोडत न्या म्हणजे वरचं पाणी टोकात शिरत नाही, मधली पांढरी साय हलवू नका, आणि शेवटचा थेंब मिळावा म्हणून हावरटपणा तर अजिबात नको, थोडं क्लोरोफॉर्म मागे राहू दे (सगळ्या सॅम्पलला तेवढंच). मग मिथेनॉल-पाण्याच्या ताज्या वरच्या थराने एकदा धुवा. पीएवर चार्ज असतो, त्यामुळे काढताना थोडं अॅसिड घातलेलं बरं, नाहीतर तेही थोडं वरच राहतं.

पण आधी खात्री करा. एका वेलमध्ये सॅम्पल घाला पण लायपेज आणि ऑक्सिडेज दोन्ही नको, दुसरीत नुसता बफर आणि डाय. पहिली शांत असेल तर चोर वर सांगितलेलाच. पहिली चमकते पण बफरवाली शांत असेल तर सॅम्पलमध्येच पेरॉक्साइड आहे. दोन्ही चमकल्या तर डाय गेला, तो उजेडात आणि साडेआठच्या वरच्या पीएचला आपोआप गुलाबी होतो, ट्यूब पांढऱ्या कागदावर धरून बघा, गुलाबी झाक दिसली की सरळ फेका. उलट डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल (लॅबमधली रिड्युसिंग रसायनं) कुठून आलं तर रीडिंग खाली जातं, ते वेगळंच दुखणं.

आणि लायपेजविना वेल प्रत्येक सॅम्पलची वेगळी हवी, सगळ्यांना मिळून एक ब्लँक नाही चालणार. पेशींच्या फॉस्फोलिपिडमध्ये पीए जेमतेम एखादा टक्का, त्यात वजाबाकी चुकली तर हातात काय राहणार? शिवाय एका सॅम्पलमध्ये माहितीतलं पीए मुद्दाम घालून ते पूर्ण परत मिळतं का तेही बघा, सुकलेलं लिपिड ट्रायटन या डिटर्जंटमध्ये नीट विरघळलं नसेल तर इथेच कळतं.

जाता जाता, लायसोफॉस्फॅटिडिक अॅसिडही (एकच फॅटी अॅसिड असलेला पीएचा भाऊ) याच रांगेतून जातं, तेव्हा आकडा दोघांचा मिळून येतो. वेगवेगळे हवे असतील तर मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांकडे जावं लागेल.