माशीपाशी मोज

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. प्रयोगशाळेत नळीत अडकवलेली, फुलाचा वास शिकवलेली मधमाशी त्या वासाच्या झुळकीला लगेच सोंड बाहेर काढते, आणि रस्त्याकडेच्या शेतात त्याच पोळ्यातल्या माश्या फुलाशेजारून सरळ निघून जातात. तेव्हा शेतातल्या नोंदी वगळू का, असं विचारतेस. विचारवलं तरी कसं? राग आला खरा. मग आठवलं, तुझ्या वयात मी कुणाला न विचारताच हेच केलं होतं.

मी फुलावर पिशवी चढवून आत हवा सोडायचो, ती कोळशातून गाळून. बाहेरच्या हवेतला ओझोन वायू त्या कोळशातच संपायचा. म्हणजे जी हवा वासाची वाट लावते, तीच बाहेर ठेवून मी वास मोजत होतो! पतंग फुलांकडे फिरकेनात, तेव्हा वहीत शेरा मारला, 'पतंग निरुत्साही', आणि दोन हंगामांच्या नोंदी कपाटात गेल्या.

फुलापाशी मोजू नकोस. माशीपाशी मोज.

रसायन तुला येतं, तरी सांगतो. ओझोन कार्बन-कार्बनच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो. फुलांच्या वासातले घटकच घे: लिनालूलमध्ये असे बंध दोन, फार्नेसीनमध्ये चार. त्यामुळे सगळे घटक एका वेगाने झिजत नाहीत. वास नुसता विरळ झाला असता तर माशीने जवळ येऊन ओळखला असता. इथे मिश्रणच बदलतं. 2013 साली साउदॅम्प्टनमध्ये रेप या मोहरीवर्गीय तेलबी पिकाच्या फुलाच्या वासाचे आठ घटक डिझेलच्या धुरात सोडले, त्यांतले दोन मिनिटभरात नाहीसे झाले. तेवढे दोन काढून दाखवले तरी शिकवलेल्या माश्या गोंधळल्या. 2023 मध्ये ब्रिटनमध्येच वाऱ्याच्या बोगद्यात ओझोन सोडून पाहिलं: 6 मीटरवरचा वास 52 टक्के माश्यांनी ओळखला, 12 मीटरवरचा 38 टक्क्यांनी. वासाच्या झोताच्या कडेला तर 12 मीटरवर दहांतली एक. फूल तेच बरं का. फुलापाशी मोजलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

माझे पतंग रात्रीचे होते. नायट्रेट रॅडिकल, म्हणजे प्रदूषित हवेत तयार होणारा आणि ओझोनसारखाच वासाचे घटक खाणारा कण, उन्हात टिकत नाही, अंधारात साठतो, हे तेव्हा मला पुस्तकातून ठाऊक होतं. माझ्या फुलांशी त्याचा संबंध मात्र लावला नाही. 2024 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी ईव्हनिंग प्रिमरोझ या रात्री फुलणाऱ्या फुलाच्या वासातून त्याने खाल्लेले घटक वगळले, तर पतंगांच्या भेटी 70 टक्क्यांनी घटल्या. तो निबंध वाचून मी कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं.

तू म्हणशील, तेव्हा साधनंच नव्हती. नव्हतीच! दहा मीटरवर वास इतका विरळ व्हायचा की आमच्या यंत्राच्या आलेखात त्याचं शिखर दिसायचं नाही. शिवाय वर्षाअखेर निबंध द्यावा लागे. हे सगळं खरं आहे. पण हवा ओढून घ्यायची लांब नळी होती माझ्याकडे. ती फुलापासून दूर न्यायला कुणी हात धरला नव्हता.

तेव्हा वगळण्याचं नाव काढू नकोस. मार्गदर्शक कुरकुरतील, कुरकुरू देत. वाऱ्याच्या दिशेने 1, 5 आणि 10 मीटरवर नळ्या लाव, प्रत्येकीशेजारी ओझोनचा आणि नायट्रोजन ऑक्साइडचा मापक ठेव. गाळणी नको. सूर्य मावळल्यावर घरी जाऊ नकोस, आणखी दोन तास थांब.

आणि वहीतली ज्यांवर काट मारली आहेस ती पानं आधी पाठव.

तुझा,
सर